वेलचीच्या जागी बसराई

कोयत्याचा एक घाव बसला आणि केळीचं खोड आडवं झालं. कापलेल्या तोंडावर पांढरे, पाण्याने भरलेले सोप दिसायला हवे होते. दिसली ती विटकरी ठिपक्यांची कडी, एकाच्या आत एक, बाहेरच्या सोपांत गडद आणि गाभ्याकडे फिकट होत गेलेली. खालची पानं पिवळी पडून देठाशी मोडली होती आणि मोडक्या छत्रीच्या काड्यांसारखी खोडाला चिकटून लोंबत होती. बुडाशी खोड उभं चिरलं होतं. वसई तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या परसातली ही गेल्या श्रावणातली गोष्ट. बाई शेजारी उभ्या होत्या. "सर, मोठं दुखणं आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुखणं मोठं होतं. मर रोग, म्हणजे पनामा. केळ होती सफेद वेलची. आणि मुनवे, म्हणजे बुडाशी फुटणारी पिलं, तुमच्या बहिणीच्या वाडीतून आणा, असं तीन वर्षांपूर्वी बाईंना मीच सांगितलं होतं. ती वाडी न बघता.

त्यामुळे 'घरच्या बागेत कोणती केळ लावावी' यावर लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा ती विटकरी कडीच डोळ्यांसमोर आली. माणसं विचारतात ते नाव. सगळ्यात चांगली जात कोणती, एवढं सांगा म्हणतात. उत्तराची सुरुवात मात्र उलट प्रश्नांनी करावी लागते. त्या जागी आधी केळ होती का? ती कशाने गेली? मुनवा कुणाच्या बेटातून येणार आहे? वारा कुठून लागतो, आणि घरात खाणारी तोंडं किती?

शेवटचा प्रश्न कुणी मनावर घेत नाही, म्हणून आधी तोच. ग्रँड नैन, म्हणजे बाजारातली 'जी नाइन', नीट जोपासली तर पंचवीस-तीस किलोंचा घड देते. दोन माणसांच्या घरात एवढी केळी आठवड्याभरात पिकली की निम्मी काळी पडतात. अशा घराला वेलचीचा दहा-पंधरा किलोंचा घड बरा. मोठा घड आलाच, तर तो सगळा एकदम उतरवायचा नाही. वरची फणी आधी तयार होते; तिथून सुरुवात करून झाडावरूनच एकेक फणी कापत यावं. केळ्याच्या कडा बोथट होऊन ते गोल दिसू लागलं की फणी तयार समजावी.

उंचीचं गणित सोपं आहे. बसराई पाच-सहा फुटांवर थांबते. पत्र्याखाली, कुंपणाआड, वाऱ्याच्या जागी तिच्यासारखी केळ नाही. वेलची दहा-बारा फूट जाते आणि घड पडला की तिला बांबूचा टेकू द्यावाच लागतो. लाल केळं दिसायला देखणं, पण दीड वर्ष वाट बघायला लावतं. राजेळीची गोष्ट वेगळी. घडाला केळी मोजकी, पण एकेक हातभर. पिकलेली राजेळी सोलून, दिवसचे दिवस उन्हात वाळवून वसई-आगाशीकडे सुकेळी करतात. ज्या घरात सुकेळी करणारे हात अजून आहेत त्यांनी राजेळी जरूर लावावी. फक्त खोड पोखरणाऱ्या सोंड्या किड्यावर लक्ष ठेवावं, त्याला ही जात फार आवडते.

आता ज्या वादावर प्रत्येक व्याख्यानानंतर हमखास हात वर होतो त्याकडे. "आम्हाला देशीच हवी. टिश्यूची नको, ती हायब्रीड असते." गेली कित्येक वर्षं हे वाक्य ऐकून मन थकलं आहे, आणि तरीही दर वेळी पहिल्यापासून समजावून सांगावंसं वाटतं.

आपण खातो त्या जवळजवळ सगळ्या केळ्यांचे पूर्वज दोन रानटी जाती आहेत, मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. पहिलीच्या वाट्याला 'ए' अक्षर, दुसरीला 'बी'. सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी १९५५ मध्ये पंधरा लक्षणांवरून ही वाटणी बसवली, आणि त्यातली दोन-तीन लक्षणं कुणीही परसात उभं राहून बघू शकतं. पानाचा देठ आडवा कापा. वरची पन्हळ उघडी, कडा बाहेर पसरलेल्या असतील तर झाड 'ए'कडे झुकणारं; कडा आत वळून एकमेकींना भिडत असतील तर 'बी'कडे. खोडावर काळे-तपकिरी डाग दाट असतील तर 'ए', अंग जवळपास निर्मळ असेल तर 'बी'. या हिशेबात बसराई आणि ग्रँड नैन दोघीही ट्रिपल 'ए', वेलची 'एबी', राजेळी 'एएबी'. बी नसलेलं केळं प्रयोगशाळेत तयार झालं, असं मानणारे पुष्कळ आहेत. बी गेलं ते माणसाने हजारो वर्षं बिनबियांचीच झाडं निवडून त्यांचे मुनवे लावले म्हणून. फळ परागावाचून भरतं, आणि गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या झाडाला धड बी धरताच येत नाही.

आणि देशी म्हणजे कोण? जळगाव-रावेर-यावलच्या माणसाला बसराई आपल्या मातीतली वाटते, आणि इतक्या पिढ्या ती जोपासल्यावर तसं वाटण्याचा त्याला हक्क आहे. पण बसराई म्हणजे बुटकी कॅव्हेंडिश. हिचंच एक रोप १८३० च्या दशकात मॉरिशसहून इंग्लंडला गेलं, चॅट्सवर्थच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने ते फुलवलं आणि मालकाचं, म्हणजे विल्यम कॅव्हेंडिश या ड्यूकचं, नाव त्याला मिळालं. ग्रँड नैन हीसुद्धा त्याच कुळातली, निसर्गात आपोआप बदल होऊन वेगळी पडलेली आणि माणसाने वेचून घेतलेली केळ. दोन जातींचा संकर तिच्यात कुणी केलेला नाही. एका बहिणीला देशी म्हणून डोक्यावर घ्यायचं आणि दुसरीला हायब्रीड म्हणून हाकलायचं, याला शास्त्रात आधार नाही.

टिश्यू ही तर जातच नव्हे. मुनव्याचा वाढता कोंब काढून बाटलीत त्याची रोपं करायची, एवढीच ती रीत. वेलचीचीही टिश्यूची रोपं होतात. या रोपासोबत मातीतली बुरशी, सूत्रकृमी, सोंड्याची अंडी येत नाहीत. विषाणू मात्र येऊ शकतो. म्हणून आईझाडाची विषाणू-तपासणी झाली आहे का, हे विचारायचंच. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची त्यासाठी २००६ पासून प्रमाणपत्राची व्यवस्था आहे. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेल्या मुनव्याची अशी तपासणी कुणी केलेली नसते. पर्णगुच्छ रोग १९४० च्या सुमारास श्रीलंकेतून केरळात आला. त्याचा विषाणू झाडावरून झाडावर नेतो मावा, पण दूरच्या गावाला तो पोचतो मुनव्यातून. पानं आखूड, ताठ, शेंड्याला गुच्छासारखी दाटलेली दिसली तर ते बेट मुळासकट काढायचं, एकही पिल ठेवायचं नाही.

शेजारचाच मुनवा घ्यायचा असेल तर आधी त्याच्या आईकडे बघावं. तिची खालची पानं हिरवी आहेत का? बुडाशी चीर आहे का? मग अरुंद, तलवारीच्या पात्यासारख्या पानांचा मुनवा निवडावा. रुंद पानांचा दिसायला टपोरा असतो, पण त्याचा गड्डा पोकळ ताकदीचा. बेटात एक आई, एक मुलगी, एक नात, याहून जास्त गर्दी नको.

हे सगळं मला ठाऊक होतं. बहिणीची वाडी बघायला अर्धा दिवस गेला असता.

पनामाची बुरशी मातीत दशकानुदशकं टिकून राहते आणि फवारणीने जात नाही. ती कोयत्याच्या पात्यावरून जाते, चपलेच्या चिखलातून जाते, मोरीचं पाणी एका बेटातून दुसऱ्याकडे वाहत असेल तर त्यातूनही जाते. तिच्या पहिल्या वंशाने लॅटिन अमेरिकेतली ग्रो मिशेल ही निर्यातीची केळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपवली. आपल्याकडे म्हैसूरजवळच्या नंजनगूडचं रसबाळे तिनेच जवळजवळ पुसून टाकलं. वेलची तिला बळी पडते. कॅव्हेंडिश या पहिल्या वंशापुढे टिकते, म्हणूनच ग्रो मिशेलच्या जागी ती जगभर आली. आता टीआर फोर नावाचा नवा वंश कॅव्हेंडिशलाही मारतो आणि बिहारात कटिहार-पूर्णियाच्या बागांत तो गेल्या दशकातच सापडला आहे. म्हणजे आज दिलेला सल्ला वीस वर्षांनी बरोबर ठरेल, अशी हमी कोणत्याही तज्ज्ञाने देऊ नये.

बाईंना सांगावं लागलं, या परसात आता वेलची नाही. बसराई लावा. त्या गप्प झाल्या. सासूबाईंच्या हातची वेलची होती पूर्वी, म्हणाल्या. बाजारात ढिगाने मिळणारं केळं घरी कशाला, हेही म्हणाल्या. ज्या वेलचीची आयुष्यभर बाजू घेतली तिच्याविरुद्ध बोलताना माझाही आवाज बसला होता. बेट गड्ड्यासकट खणून काढलं, जागेवरच जाळलं, कोयता आणि फावडं धुऊन विस्तवावर शेकलं. परसाच्या दुसऱ्या टोकाला, उंच गादीवर, तपासलेली तीन बसराईची रोपं आश्विनात लागली.

या आषाढात बाईंचा फोन आला. केळ निसवली होती. केळफुलाचं जांभळं टोक पानांच्या बेचक्यातून खाली वाकलंय, पहिली फणी उघडलीय, तिच्यात चौदा केळी मोजली, असं त्या एका दमात सांगत होत्या. गणपतीला नैवेद्याची पानं घरचीच होणार म्हणून खूश होत्या. मग जरा थांबल्या.

"आणि सर, मोठ्या पिंपात बाहेरची स्वच्छ माती भरली तर? एकच वेलची?"

पिंप विटांवर ठेवा, म्हटलं, जमिनीला टेकू देऊ नका. रोप या वेळी मी स्वतः बघून आणतो.