आठव्या हेन्रीच्या जत्रेत

अमेरिका पाहून आलेला माणूस नायगाऱ्याचा धबधबा सांगतो, न्यूयॉर्कच्या उंच इमारती सांगतो. आम्हीही त्या पाहिल्या. परंतु अमेरिका म्हटली की माझ्या नाकाशी पहिला येतो तो निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाचा वास, आणि डोळ्यांपुढे येते भर जत्रेत मनमोकळी हसणारी आमची ही. त्याचं असं झालं.

आमचे चिरंजीव मेरीलँड राज्यात नोकरीला असतात. आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी तिकडे गेलो होतो. नात सई अकरा वर्षांची. पहिले काही दिवस आजीच्या हातच्या थालीपिठावर स्वारी खूष होती. मग एके दिवशी तिच्या दोन मैत्रिणी जेवायला आल्या. हिनं नेहमीप्रमाणे वरणभात कालवला आणि घास उचलला. मैत्रिणी टक लावून पाहू लागल्या. सईनं हळूच एक काटा आजीच्या ताटाशी सरकवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आजी, ह्यानं खा ना!"

हिनं काटा घेतला. भात काही त्यावर ठरेना. दुसऱ्या दिवसापासून "मला आत्ता भूक नाही" असं सांगून ही सगळ्यांची पानं उठल्यावर स्वयंपाकघरात एकटी जेवू लागली. मला ते दिसत होतं. पण नातीला रागवायचं तरी कोणत्या तोंडानं? पोर काही वाईट मनाची नव्हती.

अशा त्या दिवसांत एका शनिवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमच्या आवडीची एक जागा दाखवतो." मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, हे ते विसरले नव्हते.

क्राउन्सव्हिल नावाच्या गावी दाट झाडीत ही जत्रा भरते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, शनिवार-रविवारी. नाव 'रेनेसाँ फेस्टिव्हल', म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाची जत्रा. अशा जत्रांची सुरुवात 1963 साली कॅलिफोर्नियात फिलिस पॅटरसन आणि त्यांचे पती रॉन यांनी केली. मेरीलँडची जत्रा 1977 पासूनची. फाटकातून आत गेलं की आपण सोळाव्या शतकातल्या इंग्लंडातल्या खेड्यात! घेरदार झगे, पिसांच्या टोप्या, भाले रोखून एकमेकांवर धावणारे घोडेस्वार. हा भाल्यांचा खेळ 1962 पासून मेरीलँडचा अधिकृत राज्यखेळ आहे. आणि ह्या साऱ्या लवाजम्यात, पोट सावरीत, साक्षात आठवा हेन्री राजा!

पण खरी जत्रा जिभेची. इकडे काडीला टोचलेलं मांस चरचरतंय, तिकडे पावाच्या पोकळ वाटीत वाफाळतं सूप. चिरंजिवांनी आईकडे पाठ करून टर्कीची तंगडी घेतली. ती हातात धरलेली पाहून मला भीमाच्या गदेचीच आठवण झाली! आम्हा दोघांसाठी लोणी चोपडलेली भाजकी कणसं आणि सफरचंदाचा गरम पाय.

सईनं पायाच्या दुकानात आजीसाठी काटा मागितला. पांढरी टोपी घातलेल्या दुकानदारीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "काटा? तो काय असतो बाई? देवानं ह्या आजींना दहा दिले आहेत की!" आणि हिच्यापुढे गुडघ्यात वाकून म्हणाल्या, "जेवा, माय लेडी!" गंमत झाल्यावर त्या खरोखरीचा काटा शोधू लागल्या; पण ही म्हणाली, "राहू दे."

बाकावर बसून मी सईला सांगितलं, "बाई बोलल्या ते खरंच आहे हो! हेन्रीच्या इंग्लंडात जेवायला सुरी, चमचा आणि बोटं. पुढे टॉमस कोरियट नावाच्या प्रवाशानं 1608 साली इटलीत काट्यानं जेवणारी माणसं पाहिली, आणि आपणही तसं जेवू लागला. त्याचे इंग्रज मित्र त्याला हसले!"

"काट्यानं खातो म्हणून हसले?" सईचे डोळे विस्फारले.

"तर! मग हाच कोरियट बहुतेक वाट पायी तुडवीत हिंदुस्थानात आला, अजमेरला जहांगीर बादशहाच्या दरबारापर्यंत पोचला, आणि 1617 च्या डिसेंबरात आपल्या सुरतेला वारला. इथे त्याच्या भोवती सारी हातानं जेवणारी माणसं असतील. आता सांग, अडाणी कोण?"

सई काही बोलली नाही. आजूबाजूला डॉक्टर असतील, वकील असतील; सगळे कोपरापर्यंत ओघळ येईतो हातानं खात होते. मास्तरकीच्या खोडीनं मी हेही सांगितलं, की मका आणि टर्की दोन्ही मूळची अमेरिकेची. हेन्रीच्या खेड्यातल्या शेतकऱ्याला आमचं कणीस पाहून नवलच वाटलं असतं. पण ते कुणी ऐकलं नाही. ही कणीस खात होती. हनुवटीला लोणी लागलं होतं, आणि महिन्याभरात प्रथमच ती चारचौघांत मोकळेपणानं हसत होती.

पुढच्या आठवड्यात त्याच मैत्रिणी पुन्हा आल्या. ही स्वयंपाकघराकडे वळली, तोच सईनं तिचा पदर धरला. "आजी, इथे बस. माझ्याशेजारी." आणि तिनं स्वतः वरणभातात हात घातला. अर्धा घास तोंडात, अर्धा फ्रॉकवर! मैत्रिणी खिदळल्या आणि त्यांनीही बाह्या सरसावल्या.

ही मात्र गंभीरपणे म्हणाली, "अगं, तळहाताला लागू द्यायचं नाही. नुसती बोटं. अशी!"

आणि त्या दिवशी तीन पोरींची शाळा भरली. मास्तर मात्र मी नव्हतो.