तो रडतानाचा फोटो आम्ही का वगळला?



१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या निमित्ताने दीक्षाभूमीवर समाज लोटतो. तिथे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या कष्टकऱ्यांचे फोटो मांडायचे आम्ही ठरवले. दोन उन्हाळ्यांत मोबाईलवर काढलेले सहाशेवर फोटो होते, जागा वीसचीच.

पहिल्या निवडीत काय आले? वाघाच्या हल्ल्यात नवरा गमावलेली बाई रडताना, उघडी पोरं, भेगाळलेले पाय. ती निवड घेऊन आम्ही त्या बाईंकडेच गेलो. त्या म्हणाल्या, "बाबू, त्याच्यानंतर मी दोन हंगाम पत्ता तोडला, पोरीले कॉलेजात धाडलं. तुमाले माजा रडतानाचाच फोटो भेटला का?"

आम्ही निरुत्तर झालो. ताडोबाच्या फोटोंत वाघ दिसतो, माणूस दिसत नाही, ही आमचीच तक्रार. आम्ही माणूस आणला, पण बिचारा करून! बाबासाहेबांचा कोट-टायमधला फोटो आपल्या घराघरांत आहे. तो कुणाकडे दया मागतो का?

आमच्यातलाच एक म्हणाला, "दुःख दाखवलं नाही तर न्याय कोण देणार?" दुःख लपवायचे नाहीच. पण नुसते अश्रू पाहून लोक हळहळतात आणि पुढे जातात. बाई जीव धोक्यात घालून जंगलात का जाते, हे कळले तरच प्रश्न उभा राहतो.

म्हणून सगळे फोटो पुन्हा पसरले. काम, मजुरी, धोका, हक्क असे चार गठ्ठे केले. एकच गोष्ट सांगणाऱ्या फोटोंतला एकच ठेवला. मग क्रम लावला: पहाटेची पत्तातोडणी, ७० पानांचा पुडा बांधणारे हात, फळीवरची मोजणी, मजुरीची नोंद, वाघाच्या वाटेवरून घोळक्याने जाणाऱ्या बाया. शेवटी ग्रामसभा, कारण वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. प्रत्येक फोटोखाली गाव, महिना आणि काम लिहिले. नाव मात्र परवानगी असेल तरच.

त्या बाईंनी आपला फोटो स्वतः निवडला. डोक्यावर पत्त्याचा भारा, नजर थेट कॅमेऱ्यात. तोच आम्ही पहिला लावला.

मित्रांनो, तुमच्याही मोबाईलमध्ये वस्तीचे शेकडो फोटो असतील. ते मांडण्याआधी एकदा फोटोतल्या माणसाला दाखवा. आपली माणसं कशी दिसावीत, हे आजवर दुसऱ्यांनी ठरवले. आता आपणही त्यांना न विचारता ठरवणार का?