प्लास्टिकची पिशवी : प्रकार, साहित्य आणि उपयोग

चौथीच्या मुलांना 'प्लास्टिकची पिशवी' या विषयावर पाच वाक्यं लिहायला सांगा. ती पाचही वाक्यं आपल्याला आधीच पाठ असतात. प्लास्टिक वाईट आहे, ते कुजत नाही, गुरं खातात, गटारं तुंबतात, म्हणून प्लास्टिक वापरू नये. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. आणि हे लिहिणाऱ्या पोराच्या दप्तरावर पावसापासून वाचवायला प्लास्टिकची पिशवीच चढवलेली असते! मला या पाच वाक्यांचा कंटाळा आला आहे. पिशवीला वाईट म्हणायच्या आधी ती कशाची आहे आणि कशाला लागते, एवढं तरी मुलांना कळायला हवं. म्हणून हा पाठ मी पिशव्या हातात देऊनच घेते. शिक्षक मित्रांनो, साहित्याचा खर्च शून्य आहे.

प्रत्येकाने घरून धुतलेल्या, वाळवलेल्या तीन पिशव्या आणायच्या. दुधाच्या येतात, भाजीच्या येतात, शर्टाच्या घडीवरची चकचकीत येते, वेफर्सची येते, साडीच्या दुकानातली येते. एक पठ्ठ्या तर खताची अख्खी गोणी खांद्यावर टाकून आला. आल्याबरोबर वाद सुरू, गोणी ही पिशवी धरायची की नाही? धरायची.

मग डोळे मिटायचे आणि पिशवी कानाजवळ चुरगाळायची. बाजारातली पातळ, बंडी बनियनसारख्या बंदांची पिशवी चुरचुर वाजते. ती बहुधा एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनची. दुधाची पिशवी फारसा आवाज करत नाही, मऊ लागते, ओढली तर ताणते. ती कमी घनतेच्या पॉलिथिनची, एलडीपीई आणि त्याच्या भावंडाची. शर्टावरची पिशवी काचेसारखी स्वच्छ आणि कडक, एकदा चीर गेली की सरळ फाटत जाते. ती पॉलिप्रॉपिलीनची. खताची गोणीसुद्धा त्याच पॉलिप्रॉपिलीनची, फक्त पट्ट्या काढून विणलेली. हे ऐकून मुलं गोणी उसवून पट्ट्या मोजायला लागतात, मोजू द्यावं.

खरी गंमत साडीच्या दुकानातल्या पिशवीची. हाताला कापडासारखी लागते, दुकानदार 'कापडी' म्हणूनच देतो, आणि आपणही पर्यावरणाचं भलं केल्यासारखं घेऊन येतो. ती न विणलेली, दाबून चिकटवलेल्या धाग्यांची असते आणि ते धागे पॉलिप्रॉपिलीनचेच असतात. भिंगाखाली धरलं की कापडातले उभे-आडवे धागे दिसत नाहीत, नुसता गुंता दिसतो. वर्गात भिंग नसेल तर खिडकीच्या उजेडात धरा. वेफर्सच्या पाकिटात तर प्लास्टिकचे थर आणि चंदेरी धातूचा पातळ लेप एकत्र असतो. ते वेगळं करणं अवघड, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. जळवून ओळखायचा प्रयोग मात्र वर्गात करू नका, धूर मुलांच्या छातीत जातो.

त्यापेक्षा पाण्याचा प्रयोग करा. बादलीत पाणी घ्या, प्रत्येक पिशवीचा नखाएवढा तुकडा आत बुडवून, बोटाने हवा काढून सोडा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन दोन्ही पाण्यापेक्षा हलके, वर येतात. पाण्याच्या बाटलीचा तुकडा तळाला जातो, कारण ती पीईटी नावाच्या वेगळ्या प्लास्टिकची. म्हणजे बाजारातली पिशवी गटारात पडली की तळाला बसत नाही, वाहत वाहत जाळीपर्यंत जाते आणि तिथे चिकटते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसाला कुठलंही गटार कमीच पडलं असतं, पण तुंबलेल्या नाल्यांत पिशव्यांचा वाटा होता, आणि त्यानंतरच राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदीचे नियम आले.

मायक्रॉन मुलांना कसा सांगायचा? झेरॉक्सच्या कागदाचे शंभर ताव एकावर एक ठेवा, पट्टी लावा. साधारण एक सेंटिमीटर भरतं. म्हणजे एक ताव शंभर मायक्रॉनच्या आसपास. आता देशभराच्या नियमानुसार पिशवी १२० मायक्रॉनची लागते, म्हणजे या कागदाहून जाड! हा नियम ३१ डिसेंबर २०२२ पासून आहे. महाराष्ट्रात तर मार्च २०१८ पासून सामान न्यायच्या प्लास्टिक पिशव्यांवर सरसकटच बंदी आहे. जाडीचा एवढा आग्रह कशाला, हे गणिताने सुटतं. पातळ पिशवी चार-पाच ग्रॅमची धरली तर एक किलो व्हायला दोनशे-अडीचशे पिशव्या वेचाव्या लागतील. कचरा वेचणारी बाई त्यासाठी कशाला वाकेल? जाड पिशवीला वजन असतं, म्हणून किंमत असते.

इतिहास मी दोन मिनिटांत उरकते. १९३३ साली इंग्लंडमध्ये एका प्रयोगात चुकून मेणासारखा पांढरा पदार्थ हाती लागला, ते पॉलिथिन. १९६५ साली सेलोप्लास्ट या स्वीडिश कंपनीने आजच्या बंदवाल्या पिशवीचं पेटंट घेतलं. ती आखणारे इंजिनिअर स्टेन गुस्ताफ थुलिन. कच्चा माल खनिज तेल आणि नैसर्गिक वायू.

उपयोगांवर मात्र वेळ द्यावा, कारण इथे मुलांना बोलायचं असतं. रोपवाटिकेतली काळी पिशवी, औषधांचं वेष्टन, बियाण्याची पिशवी. रक्तपेढीतली रक्ताची पिशवी पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची असते, पूर्वी रक्त काचेच्या बाटलीत ठेवत. ती पिशवी कुणी वाईट म्हणेल का? दुधाच्या पिशवीबद्दल एक काम मी मुलांना घरी लावून देते. कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा. पिशवी भंगारात जाते, तिचा पुन्हा वापर होतो, पण तो इवलासा त्रिकोण कुणीच उचलत नाही.

यंदा या पाठाच्या वेळी वर्गात दोन मुलं अशी होती की मला पुस्तकातलं उत्तर सांगून सुटता आलं नाही.

एकाची गाय दिवाळीनंतर दगावली. चारा सोडला, पोट फुगलं. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा पिशव्यांचा दोरीसारखा पीळ झालेला गोळा निघाला, पण उशीर झाला होता. गाईला प्लास्टिक आवडतं म्हणून ती खात नाही. आपण शिळी भाकरी, भाजीची देठं पिशवीत भरतो, वर गाठ मारतो आणि उकिरड्यावर फेकतो. गाईला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. ते ना पचतं, ना शेणावाटे बाहेर पडतं. मुलगा हे सगळं शांतपणे सांगत होता. वर्गही शांत. मग कुणीतरी म्हणालं, "बाई, पिशव्या विकणाऱ्यांना पकडलं पाहिजे."

त्यावर मागच्या बाकावरची मुलगी उठली. तिची आई सोमवारच्या बाजारात मोड आलेली मटकी आणि हिरव्या मिरच्या विकते. तालुक्याच्या बाजारात एकदा तपासणीचं पथक आलं होतं. पहिल्या वेळचा दंड पाच हजार रुपये. तिच्या आईने पिशव्यांचा गठ्ठा पदराखाली धरला आणि पाटी तशीच टाकून उठून गेली. पाच हजार म्हणजे त्या घराचे कितीतरी बाजार. मुलगी म्हणाली, "बाई, मटकी ओली असते. कागदात बांधली तर कागद फाटतो. पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या मावशीकडे जातं. माझ्या आईनं मटकी कशात द्यायची?"

गाय गेलेला मुलगा तिच्याकडे बघत होता. मला उत्तर द्यायची घाई करावीशी वाटली नाही. दोघांचंही खरं होतं, आणि दोघं एकाच बाकावर डबा खातात.

मी फळ्यावर तिचाच प्रश्न लिहिला. मुलांनी उत्तरं सुचवली. पळसाची पानं (आमच्याकडे आता कुठे उरलीत?), केळीचं पान, मक्याच्या पिठापासून केलेली पिशवी. ही शेवटची कंपोस्ट होणारी पिशवी मिळते, पण तिच्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक असावा लागतो आणि ती महाग पडते. एका मुलाने विचारलं, दंड विकणाऱ्यालाच का, रिकाम्या हातानं येणाऱ्याला का नाही? मला तो प्रश्न अजून सतावतो. शेवटी गाय गेलेलाच मुलगा म्हणाला, "गिऱ्हाइकानं डबा आणायचा. आपण दुधाला किटली नेतो तसा."

मग आम्ही ते गणिताच्या तासात घेतलं. मुलीने वहीत तीन रकाने आखले. डबा किंवा पिशवी घेऊन आलेली गिऱ्हाइकं, रिकाम्या हातानं आलेली, आणि पिशवी नाही म्हटल्यावर निघून गेलेली. दर सोमवारी आईच्या शेजारी बसून ती रेघा मारते, पाचव्या रेघेला आडवी काट. पहिल्या बाजारात पहिला रकाना जवळजवळ कोराच होता. जी दोन-तीन माणसं डबा घेऊन आली, त्यांना तिच्या आईने मूठभर मटकी वरून घातली, न मागता. दुसऱ्या सोमवारी त्यातली एक आजी सुनेलाही घेऊन आली. तिसऱ्या रकान्यातल्या रेघा मात्र अजून मधल्या रकान्याच्या बरोबरीने चालल्या आहेत, आणि त्या रेघा म्हणजे त्या घरातले पैसे आहेत, हे वर्गातल्या सगळ्यांना कळतं.

येत्या सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही अकरा जण बाजारात जाणार आहोत. प्रत्येकाच्या हातात घरचा डबा असेल. वही तो मुलगा धरणार आहे, तसं त्यांचं आपापसात ठरलं आहे.