प्रमाणपत्राविना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रायश्चित्तकाळातील एका रविवारी मिस्सा संपल्यावर धर्मग्रामातील चार-पाच तरुण माझ्याकडे आले. वीटभट्टीवरील मजुरांच्या मुलांसाठी त्यांनी एका झोपडीत वर्ग सुरू केला होता. शिकविणारी मुलगी भट्टीवरचीच, सातवी उत्तीर्ण. ‘‘सर, समितीत आमच्या बाजूने दोन शब्द बोला,’’ असे त्यांनी विनविले.

मी बोललो, पण विरुद्ध. ‘अप्रशिक्षित हाती मुले सोपवू नयेत,’ असे तीस वर्षे शिक्षकी केलेल्या माझ्या तोंडून निघाले. वर्गणी मंजूर झाली नाही. ईस्टरनंतर तो वर्ग उघडलाच नाही.

14 ऑक्टोबर 2018 रोजी आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना संतपद जाहीर झाले, तेव्हा त्यांच्यावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले. 24 मार्च 1980 रोजी मिस्सा अर्पण करीत असतानाच त्यांना गोळी घालण्यात आली, एवढे मला ठाऊक होते. त्यानंतर एल साल्वादोरमध्ये बारा वर्षे जे यादवी युद्ध पेटले, त्यातील शाळांविषयी मात्र मी प्रथमच वाचीत होतो.

मोरासान प्रांतातील हजारो शेतकरी लष्कराच्या अत्याचारांना भिऊन सीमेपलीकडे होंडुरासमधील कोलोमोंकाग्वाच्या छावणीत राहिले. त्याच प्रांतात, एल मोसोते येथे डिसेंबर 1981 मध्ये सैन्याने शेकडो निरपराधांची कत्तल केली. त्यांत मुलेच अधिक होती. छावणीतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. ज्याला थोडे वाचता येई, तो इतरांना शिकवी. दोन-तीन इयत्ता शिकलेले स्त्री-पुरुष शिक्षक झाले. मुलांना शिकवायचे आणि स्वतःही पुढचा धडा शिकायचा, असा त्यांचा क्रम असे. ‘लोकशिक्षक’ हे त्यांचे नाव.

1989 च्या अखेरीपासून ही मंडळी मायदेशी परतली. त्या नोव्हेंबरातच विद्यापीठाच्या आवारात सहा येशूसंघीय धर्मगुरूंची हत्या झाली होती. त्यांतील फादर सेगुंदो मोंतेस यांचे नाव त्यांनी आपल्या नव्या वसाहतीला दिले. शाळाही परत आली, तेच शिक्षक घेऊन. जानेवारी 1992 मध्ये शांतता करार झाला. मग प्रश्न निघाला, यांची प्रमाणपत्रे कुठे आहेत? युद्धात जिथे सरकारी शिक्षक फिरकला नाही, तिथे ज्यांनी फळा टिकविला, त्यांना वेतनासाठी व मान्यतेसाठी झगडावे लागले. कित्येकांनी शिकवता शिकवता रीतसर शिक्षण पूर्ण केले.

ते वाचताना तो प्रश्न विचारणारा अधिकारी मला माझ्यासारखाच दिसू लागला. (प्रशिक्षणाचे महत्त्व मी आजही मानतो. पण ते शिक्षकाला द्यायचे असते, त्याच्याकडून नुसते मागायचे नसते.)

दिवाळीनंतर भट्ट्या पेटल्या, तेव्हा मी तिकडे गेलो. ती मुलगी आता दोन लेकरांची आई होती. माझे शब्द जुळेनात. तीच म्हणाली, ‘‘फळा अजून आहे, गुरुजी. कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवलाय.’’

आम्ही दोघांनी तो उतरविला. खडू माझ्या खिशात होते.