आवक-जावक

निरवांगीच्या आमच्या घरात संगणक ठेवला आहे तो ओसरीवरच्या खिडकीपाशी. खिडकीतून ऊस दिसतो आणि उसापलीकडे नीरेच्या काठची झाडी. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा, माळशिरस तालुका. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वयाच्या ८१ व्या वर्षीही रोज सकाळी स्नान आटोपून त्या खिडकीपाशी बसतात आणि टपाल पाहतात. टपाल हा त्यांचाच शब्द. ई-मेल असे ते कधी म्हणत नाहीत.

शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर उभारलेल्या वालचंदनगरात, एका कचेरीच्या आवक-जावक विभागात अण्णांची सारी नोकरी झाली. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, तारीख लिहायची आणि मग तो कोणाच्या मेजावर जायचा ते ठरवायचे. बिल हिशेबनीसाकडे, नकाशा अभियंत्याकडे, अर्ज साहेबांकडे. “कागद हरवत नसतो, चुकीच्या मेजावर पडून राहतो,” असे ते म्हणत. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा अर्थ मात्र मला गेल्या वैशाखात कळला.

मोबाइलच्या लहानशा पडद्यावर अण्णांचा थरथरता अंगठा नेमका बसत नाही. म्हणून त्याआधीच्या दिवाळीत मी त्यांच्या संगणकावर थंडरबर्ड हा टपालाचा प्रोग्राम बसवून दिला. माझी मोठी बहीण मेलबर्नला असते. तिची नऊ वर्षांची मुलगी तिथे मराठी वाचायला शिकत होती. दर रविवारी ती पुस्तकातील एक उतारा वाचणार, ताई तो ध्वनिमुद्रित करणार, सोबत मुलीच्या हस्ताक्षरातील पानाची पीडीएफ जोडणार आणि आजोबांना पाठवणार, असे ठरले होते.

मला त्याच दिवशी पुण्याला परतायचे होते. शिवाय मनात भीती होती. अनोळखी फाइल उघडली आणि खात्यातले पैसे गेले, अशा हकिगती तेव्हा जो तो सांगत होता. पत्रासोबतची फाइल पहिल्यांदा उघडू लागताच प्रोग्रामने विचारले, ‘ही फाइल कशाने उघडू, की नुसती जतन करू?’ मी ‘जतन’ निवडले आणि खालच्या चौकोनात खूण केली: यापुढे अशा फायलींसाठी नेहमी हेच करावे. ध्वनिफीत, पीडीएफ, जे जे समोर आले त्या साऱ्यांना तोच नियम लावला. अण्णांना प्रश्न पडणार नाही, म्हणजे त्यांची चूकही होणार नाही, असा माझा हिशेब होता. ती खूण करताना अण्णा शेजारीच बसले होते. मी त्यांना काही विचारले नाही.

पुढचे सहा महिने सारे सुरळीत आहे असे मी धरून चाललो. ताईला अण्णांची उत्तरे येत होती. ‘मिळाले. छान. फोटो पाहून आनंद झाला.’ छायाचित्रे पत्राच्या मजकुराखालीच दिसतात, ती उघडावी लागत नाहीत. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. फक्त चैत्रात ताईने फोनवर विचारले, “अण्णा वाचनाबद्दल काहीच कसं लिहीत नाहीत रे? ती विचारते, आजोबा ऐकतात ना?”

वैशाखात घरी गेलो तेव्हा मी संगणकातील ‘डाउनलोड्स’ हा फोल्डर उघडला. त्यात ४१ ध्वनिफिती होत्या. भाचीने तोवर २४ उतारे पाठवले होते, मग ४१ कशा? नीट पाहिले तेव्हा उलगडा झाला. पहिल्या आठ रविवारांच्या तीन-तीन प्रती होत्या, नावापुढे कंसात एक, दोन असे आकडे पडलेल्या. पुढच्या पाच रविवारांच्या दोन-दोन. नंतरच्या सातांची एकेक. शेवटच्या चारांची एकही नाही.

अण्णांनी फितीवर टिचकी मारली होती. काही वाजले नाही, म्हणून पुन्हा मारली होती, आणि पुन्हा. फाइल प्रत्येक वेळी निमूटपणे त्या फोल्डरात जाऊन पडत होती. असा काही फोल्डर असतो हेच त्यांना ठाऊक नव्हते. हळूहळू त्यांनी प्रयत्न सोडला होता. त्या आकड्यांत मला त्यांचा एकेक रविवार दिसला.

“अण्णा, मला सांगायचं नाही का?”

“तू घाईत असतोस. आणि मला वाटलं, यंत्र बरोबरच असणार, मलाच जमत नाही.”

मी खुर्ची ओढून दुरुस्तीला बसलो. त्यांनी माझा हात धरला. “थांब. आधी मला सांग, कुठला कागद कुठल्या मेजावर जातो ते. मेज मी ठरवीन.”

मग मी त्यांना जमेल तसे समजावले. पत्रासोबत जे जे येते त्याच्यावर पाठवणाऱ्याचा प्रोग्राम एक चिठ्ठी लावतो: हे चित्र आहे, हा आवाज आहे, ही पीडीएफ आहे. नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ही पद्धत बसवली आणि जून १९९२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ११ मार्चला बोरेन्स्टाइन यांनी या पद्धतीने पहिले टपाल पाठवले. त्यात त्यांच्या चौघांच्या गायकमेळाचे छायाचित्र होते आणि त्यांचे गाणे. टपालातून चित्रे पाठवण्याचा एवढा खटाटोप कशासाठी, असे लोक त्यांना विचारीत. एक दिवस मला नातवंडे होतील आणि त्यांची चित्रे मला टपालाने यायला हवीत, असे ते सांगत.

अण्णा क्षणभर खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे चिठ्ठी पाठवणारा लावतो, पण मेज कुठलं, ते घेणाऱ्यानं ठरवायचं.”

इतके नेमके मलाही सांगता आले नसते. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ या पानावर ‘फाइल्स अँड अटॅचमेंट्स’ असा भाग आहे. तिथे दोन रकाने असतात, डावीकडे प्रकार आणि उजवीकडे कृती. आपण कधीतरी ‘नेहमी हेच करावे’ म्हटलेले असते, ते तिथे नोंदलेले सापडते आणि बदलताही येते. माझ्या घाईच्या साऱ्या खुणा तिथे ओळीने उभ्या होत्या.

अण्णांनी कपाटातून जुनी नोंदवही काढली, पट्टीने रकाने आखले आणि एकेक निर्णय लिहून मगच मला माऊसला हात लावू दिला. पीडीएफ: वाचकाकडे. ध्वनिफीत: वादकाकडे. पत्रातील दुव्यांचा प्रश्न निराळा होता. दुवा संगणकाने मुख्य मानलेल्या ब्राउझरकडे जातो, आणि अण्णांच्या संगणकावर तो मान एका जुन्या ब्राउझरकडे राहिला होता. ताईने पाठवलेला शाळेचा कार्यक्रम त्यामुळे कोऱ्या पानासारखा दिसत असे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट अॅप्स’मध्ये जाऊन तो मान नव्याकडे दिला.

एक प्रकार उरला. काही फायलींवर चिठ्ठी असते, पण तिचा अर्थ एवढाच की आत काहीतरी आहे, काय ते पाठवणाऱ्या प्रोग्रामला ठाऊक नाही. अशांचे काय करायचे? मला पुन्हा ‘जतन’ सुचले. अण्णांनी मान हलवली. “ज्यावर विषय लिहिलेला नाही, ते पाकीट साहेबांपुढेच फोडायचं. इथं साहेब मी.” त्यांनी वहीत लिहिले: दर वेळी विचारणे. अनोळखी पत्त्यावरून आले असेल तर मला फोन करून मगच उघडायचे, असेही ठरले. माझ्या भीतीवरचा खरा उपाय हा एवढाच होता.

मग ऐकायला सुरुवात झाली. सर्वांत ताजी फीत आधी लावावी असे मी सुचवले. त्यांना ते पटले नाही. आवक क्रमानेच. कार्तिकातल्या पहिल्या फितीत भाची प्रत्येक ‘ळ’ला अडखळत होती, ‘शाळा’चे ‘शाला’ करीत होती. अण्णा दोनदा हसले. पाचव्या फितीनंतर त्यांनी चष्मा पुसला आणि आज एवढेच पुरे म्हणाले.

झाल्या गोष्टीचा उल्लेख पत्रात करू नये, मुलीला वाईट वाटेल, असे माझे मत होते. अण्णांनी ते मानले नाही. त्यांनी लिहिले, ‘तुझे पहिले वाचन मी आज ऐकले. आजवर “छान” लिहीत होतो, ते न ऐकता लिहीत होतो. ते चुकले.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. भाचीने विचारले होते, ‘मग त्यातलं सगळ्यात वाईट कुठलं?’ अण्णांनी सर्व फिती संपल्यावर, नवव्या दिवशी, प्रत्येक उताऱ्याच्या क्रमांकासह तीन पानांचे उत्तर धाडले.

आपल्यापैकी अनेकांनी आईवडिलांची यंत्रे अशीच लावून दिली असतील, काळजीपोटी आणि घाईघाईने. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा तो ‘डाउनलोड्स’ एकदा उघडून पाहावा, आणि त्यांना शेजारी बसवून पाहावा.

अण्णांच्या वहीतले ते पान आता पडद्याशेजारी टाचलेले आहे. खालच्या तीन ओळी त्यांनी कोऱ्या ठेवल्या आहेत. पुढे आणखी काय काय येईल, कोणाला ठाऊक, म्हणतात.