बोट पाचला सुटते

आमच्या अण्णांची गाडी कधी चुकल्याचं मला आठवत नाही. सातच्या गाडीला ते पाचला स्टेशनवर असतात आणि सव्वापाचची गाडी समोरून गेली, की मनात आणलं असतं तर हीसुद्धा मिळाली असती, अशा नजरेनं तिच्याकडे बघतात. अशा गृहस्थांना घेऊन आम्ही सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटीवर जायचं ठरवलं. चिरंजीव तिला क्रूझ म्हणतात, सौभाग्यवतीही शेजारणींसमोर क्रूझच म्हणते. अण्णा बोट म्हणतात. बोट शुक्रवारी संध्याकाळी पाचला सुटणार होती. मुंबईहून विमानानं किती आधी पोचायचं, एवढंच ठरायचं होतं, आणि त्यावरून घरात पंधरा दिवस अबोला, उपरोध वगैरे सर्व प्रकार झाले.

माझा हिशेब तयार होता. गुरुवारी रात्री साडेअकराचं विमान. प्रवास साडेपाच तासांचा. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे शुक्रवारी सकाळी साडेसातला चांगी विमानतळ. तिथून धक्का टॅक्सीनं अर्ध्या तासावर. पाचपर्यंत हातात चांगले साडेनऊ तास! हॉटेलची एक रात्र वाचली, रजेचा एक दिवस वाचला. दोन खोल्यांचं एका रात्रीचं भाडं ३० हजारांच्या घरात जात होतं. एवढी रक्कम मी रोज मोजतो, पण ती दुसऱ्यांची असते.

ट्रॅव्हल एजंटनं माझा कागद पाहिला आणि म्हणाला, "साहेब, बोट पाचला सुटते म्हणजे तुमच्यासाठी साडेतीनला सुटते. प्रवाशांची यादी बंद करून सरकारी खात्यांकडे द्यावी लागते. त्यानंतर कुणाला घेत नाहीत."

"तरी आठ तास राहतात."

"विमान दहा तास लेट झालं तर?"

"बोट जरा थांबणार नाही?"

तो सहनशील माणूस होता. त्यानं समजावलं, की बोटीला धक्का ठरावीक वेळेपुरताच मिळतो. बंदरातून बाहेर काढणारा पायलट वेळेवर येऊन उभा असतो, पुढच्या बंदरातली वेळही ठरलेली असते. आणि जितका उशीर, तितकं तेल जाळून तो पुढे भरून काढायचा. बोटीच्याच सहलीला गेलेले प्रवासी परतायचे असले तर थांबतात. स्वतंत्र विमानानं येणाऱ्या चार माणसांसाठी नाही. विमान कंपनी फार तर दुसरं विमान देते, बोट देत नाही. विमा काढला असेल तर अटींत बसेल तेवढे पैसे मिळतात. "आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पोचाल तेव्हा," तो म्हणाला, "बोट मलाक्काच्या सामुद्रधुनीत असेल."

"पुढे पेनांगला गाठली तर?"

"कंपनीनं परवानगी दिली तर. विमानाचं तिकीट आपल्या खर्चानं."

खरं म्हणजे हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. गेली वीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. वेळ संपल्यावर एका मिनिटानं धापा टाकत आलेल्या माणसाला चष्म्यावरून बघून "आता उद्या या" म्हणणारा तो मीच. अर्थात आता आमचाही दरारा गेला. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालू झाल्यावर पैशालासुद्धा वेळ गाठावी लागत नाही.

घरी मतदान झालं. सौभाग्यवती एक दिवस आधी, कारण सिंगापूर बघून होईल. चिरंजीव त्याच दिवशी सकाळी निघायचं म्हणत होते. "ॲपवर दिसतं ना, विमान कुठे आहे ते!" जणू विमान दिसलं की बोट थांबते.

अण्णा म्हणाले, "दोन दिवस आधी."

तीस हजारांचे साठ झाले आणि माझा तोल गेला. "अण्णा, ही काय भाऊच्या धक्क्यावरची बोट आहे, डेकवर पथारी टाकायला आधी जायला?"

अण्णा काही बोलले नाहीत. पान न संपवता उठले. ते पान टाकून उठत नाहीत.

रात्री मी त्यांच्या खोलीत गेलो. तिथे भिंतीवर आत्याच्या लग्नाचा फोटो आहे. त्यात झाडून सगळं कुळ आहे, अण्णा तेवढे नाहीत. लहानपणापासून माझी समजूत, की फोटो अण्णांनीच काढला.

"फोटो मालवणच्या फोटोग्राफरनं काढला," अण्णा म्हणाले. "मी पोचलोच नव्हतो."

१९७२ चा मे. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून लग्नं मेमध्ये आणि बोटी माणसांनी फुटलेल्या. घरची मंडळी आठवडाभर आधी गेलेली. अण्णांना रजा मोजकी, त्यामुळे ते लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी निघणार होते. आत्यासाठी घेतलेली पैठणी त्यांच्या पिशवीत. शिवडीला लोकल वीस मिनिटं आलीच नाही. डॉकयार्ड रोडला उतरून धावत गेले, तर शिडी काढलेली.

"एवढं पाणी होतं मध्ये," अण्णांनी हात लांब करून दाखवला. "पुढे जयगडला तरी गाठता येईल का, म्हणून विचारलं. खिडकीवरचा म्हणाला, पोहता येत असेल तर येईल."

एस.टी.ची रिझर्वेशनं संपलेली. उभ्यानं, गाड्या बदलत ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालवणला पोचले. मांडव उतरवत होते. फोटोत आत्याच्या अंगावर काकूची साडी आहे. एवढी वर्षं तो फोटो बघतोय, पण साडी कुणाची हे काही फोटोत दिसत नाही.

शेवटी आदल्या दिवशीवर तडजोड झाली. विमान वेळेवर पोचलं, दहा मिनिटं आधीच. (तीस हजार!) गुरुवारी संध्याकाळी मंडळी दिवे बघायला निघाली, तर अण्णांना धक्का बघायचा होता. मरीना बेच्या टर्मिनलवर गेलो. धक्का रिकामा. अण्णांचा चेहरा पांढरा पडला.

"गेली?"

बोट सकाळी येते, जुने प्रवासी उतरवते आणि संध्याकाळी नवे घेऊन निघते, हे त्यांना पटवता पटवता माझं जेवण राहिलं.

शुक्रवारी आम्ही दहाला टर्मिनलवर हजर. काउंटर बाराला उघडणार होता. काचेपलीकडे बोट उभी होती, आमच्या अख्ख्या सोसायटीहून उंच. अण्णांनी पहिला बाक धरला, आमच्या पिशव्या ओळीनं मांडून चार जागा अडवल्या आणि माझा फोन मागून मालवणला लावला.

"मी बोलतोय. बोट लागलीय. मी आधी येऊन बसलोय."

आत्याचा आवाज मला बाजूलासुद्धा ऐकू आला. "दादा, आता येवन काय करतलंस? अक्षता कधीच पडल्यो!"

अण्णा इतके हसले, की गणवेशातली एक मुलगी पाण्याचा पेला घेऊन धावत आली. पाणी पिऊन त्यांनी तिला विचारलं, बोट नक्की पाचलाच सुटते ना.