चिकपेटच्या गच्चीवरचा साचा

बेंगळुरूच्या चिकपेटमधल्या आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. दुकानं उघडल्यावर साड्यांचे गठ्ठे वाहणाऱ्या हातगाड्यांना वाट मिळाली तरी पुष्कळ. माझी जुनी मारुती झेन उभी असते बसवनगुडीत, मामांच्या दारात. तरी तिचं बॉडी किट मी केलं ते पेठेतल्या घराच्या गच्चीवरच. हत्यारं आणि नटबोल्ट एस. पी. रोडला, गाडीचे सुटे भाग जे. सी. रोडला, सगळं पायी फिरून मिळतं.

आधी कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे मूळ बंपर काढायचा नाही, रुंदी वाढवायची नाही, दिवे आणि नंबरप्लेट झाकायची नाही, हे ठरवूनच टाकलं. बंपरखाली बोल्टने बसणारी आणि कधीही काढता येणारी फायबरची पट्टी, एवढंच करायचं.

बसवनगुडीत गाडीला पुठ्ठा लावून आकार उतरवून घेतला आणि घरी थर्माकोलमध्ये कोरला. हा झाला प्लग. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलला खाऊन टाकतं, म्हणून त्यावर आधी प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर दिला, मग लांबी, मग पॉलिश पेपर. खरी मेहनत इथेच आहे. प्लगवर राहिलेला ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून प्रत्येक भागावर येतो. संध्याकाळी ट्यूबलाइट लावून प्राइमर मारलेला प्लग पाण्याने ओला करायचा आणि तिरका धरायचा. उजेडाची रेघ सरळ धावली तर ठीक. जिथे ती वाकते तिथे खड्डा. पेन्सिलने खूण, पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. बोटांना लागत नाही ते त्या रेघेत दिसतं.

पट्टीची दोन्ही टोकं चाकांकडे आत वळतात. एकसंध साचा केला असता तर भाग त्यात अडकून बसला असता, म्हणून दोन तुकडे केले आणि मधल्या कडेला बोल्टची भोकं ठेवली. वॅक्स, त्यावर पीव्हीए, मग जेलकोट, मग 450 ग्रॅमच्या मॅटचे थर. प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवा काढायची. बुडबुडा राहिला की पुढे तिथेच पापुद्रा सुटतो.

आम्ही भावसार, आजोबांपर्यंत घरात रंगाईचा धंदा होता. काका गच्चीवर आले, हार्डनरची बाटली पाहिली आणि म्हणाले, "अंदाजपंचे नको रे. वजनावर घे." त्यांचा तराजू खालून वर आणला. शंभर ग्रॅम रेझिनला एक ते दोन ग्रॅम हार्डनर. ऊन तापलं की कमी. डब्यात जास्त रेझिन एकदम कालवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसायला लागतं, म्हणून थोडं थोडं, पसरट भांड्यात. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळू नयेत, स्फोट होतो. मी कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन घेतलं. वासाचा त्रास शेजाऱ्यांनाही होतो, म्हणून वारा बाहेरच्या बाजूला वाहत असेल तेव्हाच काम. तोंडावर रसायनाच्या वाफा अडवणारा मास्क लागतो; कापडी मास्क इथे निरुपयोगी.

साच्यातून भाग सोडवताना मला सगळ्यात आनंद झाला. कडेने लाकडी पाचर सरकवली, फटीत पाणी सोडलं, पीव्हीए विरघळलं आणि भाग तडकन सुटून वर आला. जेलकोटवर ट्यूबलाइटची रेघ टोकापासून टोकापर्यंत सरळ होती. काकांनी ती दोनदा पाहिली.

दुकानं उघडायच्या आत स्कूटरवर आडवी धरून पट्टी बसवनगुडीला नेली. मूळ बंपर पॉलिप्रॉपिलिनचा, त्यावर चिकटवलेलं टिकत नाही. बोल्ट आणि रबरी वॉशरच हवेत. आता मागच्या पट्टीचा प्लग सुरू आहे. तो तीन तुकड्यांत करतोय, म्हणजे सायलेन्सरजवळचा तुकडा उष्णतेपासून लांब ठेवता येईल.